वापरायला दिलेला घोडा कोणाचा? मालकीच्या वादांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूर, महू, राऊ, देपालपूर या पट्ट्यात घोडा बाळगणारी मराठी घरं अजून आहेत. कोणाकडे वरातीची घोडी असते, कोणी मुलांना रायडिंगसाठी मारवाडी किंवा काठियावाडी घोडा घेतलेला असतो, कोणाच्या शेतावर वडिलांच्या हौसेची एखादी म्हातारी घोडी उभी असते. मग मुलगी शिकायला पुण्याला जाते, मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा) काम सोडतो, घरात आजारपण निघतं, आणि घोडा ओळखीतल्या कुणाकडे ‘सध्या तुमच्याकडे राहू दे’ म्हणून जातो. पुढे वाद इथूनच निघतात. मी दिवाणी वकिली करते आणि घोड्यांत वाढले आहे, त्यामुळे हे प्रश्न माझ्यापर्यंत येतच राहतात. उत्तरं भारतातल्या कायद्याप्रमाणे दिली आहेत. नोटीस किंवा दावा करण्याआधी आपली कागदपत्रं आपल्या वकिलाला दाखवाच, कारण एका ओळीने प्रकरण फिरतं.

घोडा दोन वर्षांपासून त्यांच्याकडे आहे. दाणा-वैरण, नाल, औषधपाणी सगळं तेच करतात. आता तो त्यांचा झाला का?

नाही. वापरायला किंवा सांभाळायला दिलेली वस्तू काम झाल्यावर परत करायची असते, आणि अशा व्यवहाराला भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १४८ मध्ये निक्षेप म्हटलं आहे. (आपल्या इंदूरच्या कोर्टात हिंदी कागदांवर ‘उपनिधान’ वाचाल, ते हेच.) निक्षेपात ताबा बदलतो, मालकी बदलत नाही. कितीही दिवस खाऊ घातलं तरी चंदीच्या (दाण्याच्या) खर्चातून मालकी तयार होत नाही.

होळकरांच्या फौजेतल्या कुणालाही हे सांगावं लागलं नसतं. शिलेदार स्वतःच्या घोड्यावर चाकरीला यायचा, बारगिराला घोडा पागेतून मिळायचा. बारगीर वर्षानुवर्षं त्याच घोड्यावर बसला, म्हणून घोडा त्याचा होत नसे.

पण इथेच घोडं पेंड खातं. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम ११३ म्हणतं की वस्तू ज्याच्या ताब्यात आहे तो मालक नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी ‘तो मालक नाही’ असं म्हणणाऱ्यावर. म्हणजे ज्याच्या हाती ससा तो पारधी, निदान सुरुवातीला तरी. घोडा तुमचा असूनही पुरावा तुम्हालाच उभा करावा लागतो. त्यामुळे हे वाद बहुधा कायद्यावर अडत नाहीत, पुराव्यावर अडतात.

लेखी काहीच केलेलं नाही. घरचीच माणसं होती. मग आता काय दाखवू?

तोंडी व्यवहारही कायद्याला मान्य आहे, तेव्हा लगेच हातपाय गाळू नका. दोन गोष्टी दाखवायच्या असतात: घोडा मुळात तुमचा होता, आणि तो त्यांच्याकडे परत करण्याच्या बोलीवर गेला.

पहिल्यासाठी खरेदीचा माग काढा. सारंगखेड्याच्या यात्रेतून आणला असेल तर तिथली पावती, पुष्करहून आणला असेल तर विकणाऱ्याचं लिहून दिलेलं, ज्या खात्यातून पैसे गेले त्याचं स्टेटमेंट, गाडीभाड्याची चिठ्ठी. रोख दिले असतील तर त्या दिवशी बँकेतून काढलेली रक्कम. विकणारा हयात असेल तर तो सर्वांत मोठा साक्षीदार, त्याला आजच फोन करा. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा खासगी डॉक्टरकडे घोडा नेला असेल तर केसपेपरवर मालक म्हणून कोणाचं नाव आहे ते पाहा. विमा कोणाच्या नावावर होता, तेही काढा.

दुसऱ्यासाठी मोबाईल. व्हॉट्सअॅपवर समोरच्याने कधीतरी लिहिलेलं असतंच: ‘तुमच्या राणीने आज दाणा खाल्ला नाही’, ‘नाल बदलायचे आहेत, पैसे पाठवता का’, ‘ताईची घोडी कधी न्यायची?’ असा एक मेसेज दहा साक्षीदारांच्या तोडीचा असतो, कारण तो वाद नसताना लिहिलेला असतो. चॅट खोडू नका, फोन बदलू नका, एक्स्पोर्ट करून ठेवा. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. नुसते स्क्रीनशॉट छापून नेऊ नका.

नालबंद आणि मोतद्दार यांना विसरू नका. घोडा कोणाच्या तबेल्यात होता, कोण पैसे द्यायचं, कोणत्या महिन्यात तो दुसरीकडे गेला, हे त्यांना तारखेनिशी नसलं तरी सणावारानिशी आठवतं. ‘रंगपंचमीच्या गेरनंतर घोडी तिकडे गेली’ ही साक्ष कमी लेखू नका.

आणखी एक आधार आहे. समोरच्याने घोडा तुमच्याकडून सांभाळायला घेतला हे एकदा सिद्ध झालं, की ‘देताना तुम्हाला अधिकारच नव्हता’ असं त्याला म्हणता येत नाही. साक्ष्य अधिनियमाचं कलम १२३ त्याचं तोंड बंद करतं.

पासपोर्टवर त्यांचं नाव आहे. मग संपलंच ना?

संपलं नाही. घोड्याचा पासपोर्ट हा मुळात ओळखीचा कागद आहे: रंग, खुणा, भोवरे, वय, आई-बाप, लसी. त्यावर मालक म्हणून लिहिलेलं नाव हा मालकीच्या बाजूचा एक पुरावा आहे, शेवटचा शब्द नाही. जातीच्या संस्थेचं रजिस्टर असो की शर्यतीच्या थरोब्रेडसाठी पुण्यातून चालणारं स्टड बुक असो, कोर्ट त्याला वजन देतं, पण नाव कसं चढलं हेही विचारतं. स्पर्धेत उतरवायच्या सोयीसाठी नाव बदलून दिलं असेल तर त्या वेळचे मेसेज शोधा. गाडीच्या नोंदणीसारखी सरकारी नोंदणी आपल्याकडे घोड्याची होत नाही, म्हणून प्रत्येक कागद थोडंथोडं बोलतो.

मायक्रोचिपचंही तसंच. मानेत डाव्या बाजूला असलेला पंधरा आकडी नंबर ‘हाच तो घोडा’ एवढं सांगतो, ‘कोणाचा’ ते सांगत नाही. पण ‘हा तो घोडाच नाही’ असं कोणी म्हणू लागलं तर चिपसारखा साक्षीदार नाही, आणि मी असे वाद पाहिले आहेत. कुमैत (तांबूस तपकिरी) घोडे दुरून सगळे सारखे दिसतात.

चिप नसेल तर फोटो, आणि फोटो म्हणजे फुलांच्या माळा घातलेला वरातीतला फोटो नव्हे. सकाळच्या उजेडात, खरारा करून, झूल-जीन काढून उभा करा. दोन्ही बाजू, समोर, मागे. कपाळावरचा भोवरा जवळून, तो डोळ्यांच्या रेषेच्या वर आहे की खाली ते दिसेल असा. चारही पायांचा पांढरा रंग कुठपर्यंत चढला आहे, खूर काळे की फिके. पायांच्या आतल्या अंगाला ज्या खरखरीत गाठी असतात त्यांचेही फोटो घ्या. त्यांचा आकार प्रत्येक घोड्यात वेगळा असतो आणि त्या कोणी रंगवून बदलू शकत नाही.

ते म्हणतात, ‘तुम्ही घोडा आम्हाला भेटच दिला होता.’

हा बचाव सर्वांत जास्त ऐकू येतो, आणि हलका नाही. जंगम वस्तूच्या भेटीला नोंदणीकृत कागद लागतोच असं नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२३ प्रमाणे वस्तू हातात दिली तरी भेट पूर्ण होते. घोडा तर त्यांच्या दारात उभाच आहे! म्हणून सगळं येऊन थांबतं ते देणाऱ्याच्या मनात काय होतं यावर, आणि मन वागण्यातून वाचलं जातं.

दिल्यानंतर तुम्ही डॉक्टरचं बिल भरलंत का? विमा चालू ठेवलात का? मुलगी दिवाळीत येऊन त्याच घोड्यावर बसायची का? मूळ पावती आणि पासपोर्ट तुमच्याकडेच राहिले का? ही सगळी भेट दिलेल्या माणसाची लक्षणं नाहीत. उलट, ‘आता तो तुमचाच’ असं तुम्ही प्रेमाने लिहिलं असेल तर त्या वाक्याला उत्तर द्यावं लागेल. आपल्याकडे ‘तुमचंच आहे हो’ हे बोलण्याची रीत आहे, पण लिहिताना सांभाळा. आणि भेट एकदा खरोखर पूर्ण झाली असेल तर मन बदललं म्हणून ती परत मागता येत नाही. अशा वेळी दावा करू नका असंच मी सांगते.

‘आठ दिवस चालवून बघा, आवडला तर पैसे द्या’ म्हणून घोडा दिला. महिना झाला. ना घोडा, ना पैसे.

हा निक्षेप नाही, हा पसंतीवर दिलेला माल आहे. माल विक्री अधिनियम, १९३० चं कलम २४ लागतं. घेणाऱ्याने पसंती कळवली, किंवा मालकासारखं वागला (स्वतःच्या नावाने विकायला काढला, समजा), किंवा ठरलेली मुदत संपूनही नको असं न कळवता ठेवून घेतला, तर मालकी त्याच्याकडे जाते आणि तुमचा हक्क किमतीवर उरतो. मुदत ठरली नसेल तर वाजवी काळ धरतात. आठ दिवस ठरले होते हे सिद्ध झालं तर नवव्या दिवसापासून तुम्ही घोडा मागायचा नसून पैसे मागायचे आहेत.

घोडा विकला, निम्मे पैसे मिळाले, बाकीचे देत नाहीत. घोडा माझाच राहिला ना?

बहुतेक वेळा नाही, आणि हे ऐकून लोक दुखावतात. ठरावीक घोडा, देण्याजोगा तयार, बिनशर्त सौदा: अशा विक्रीत मालकी सौद्याच्या क्षणी जाते, पैसे नंतर द्यायचे ठरले तरीसुद्धा (कलम २०). ‘पूर्ण पैसे मिळेपर्यंत मालकी विकणाऱ्याची’ असं ठरलं असेल तरच घोडा तुमचा. ते ठरलं होतं, हे मात्र तुम्ही दाखवायचं.

सहा महिन्यांसाठी दिला होता. तिसऱ्याच महिन्यात परत मागू शकतो का?

फुकट वापरायला दिला असेल तर हो. करार अधिनियमाच्या कलम १५९ प्रमाणे मुदत ठरलेली असली तरी मालक मध्येच परत मागू शकतो. मात्र तुमच्या मुदतीवर भरवसा ठेवून त्यांनी काही केलं असेल आणि मध्येच परत दिल्याने त्यांचं नुकसान त्यांना झालेल्या फायद्यापेक्षा जास्त होत असेल, तर ती तूट तुम्ही भरून द्यायची. समजा, तुमच्या घोडीच्या भरवशावर त्यांनी लग्नसराईच्या तारखा घेतल्या आहेत. मग लग्नाच्या आदल्या दिवशी टेम्पो घेऊन दारात जाणं कायद्यालाही पटणार नाही. भाड्याने दिला असेल तर ठरलेली मुदत पाळावी लागते.

ते म्हणतात, ‘आधी दोन वर्षांच्या चाऱ्याचे पैसे टाका, मग घोडा न्या.’

दोन प्रश्न आहेत, लोक त्यांचा एक करून टाकतात: पैसे देणं लागतं का, आणि पैशासाठी घोडा अडवता येतो का.

पैशाचं असं. घोडा त्यांनी स्वतःच्या वापरासाठी घेतला होता तर रोजचा दाणा-वैरण, नाल त्यांच्याच माथी. वापरलाही आणि वर चाराही मागायचा, हे चालत नाही. पण तुमच्या सोयीसाठी, कसलाही मोबदला न घेता त्यांनी नुसता सांभाळला असेल, तर कलम १५८ प्रमाणे आवश्यक खर्च तुम्ही द्यायचाच आहे, आणि मनापासून द्या. पोटशूळ उठला म्हणून रात्रभर घोड्याला फिरवणारा आणि डॉक्टर आणणारा माणूस हा तुमचा उपकारकर्ता आहे.

अडवण्याचं असं. कलम १७० प्रमाणे वस्तूवर कष्ट किंवा कौशल्य खर्च करून काम केलं असेल तर त्या कामाच्या मजुरीसाठी ती अडवून धरता येते. घोड्याला तालीम देऊन तयार करणाऱ्याला हा हक्क मिळतो आणि नुसतं बांधून खाऊ घालणाऱ्याला मिळत नाही, असा फरक जुन्या इंग्रजी निकालांपासून चालत आला आहे. म्हणून ‘चारा’ आणि ‘ट्रेनिंग’ यांची बिलं वेगळी मागा. रकमेवर वाद असेल तर निषेध नोंदवून पैसे भरा आणि घोडा सोडवा. नंतर रकमेसाठी भांडता येईल, पण तिकडे उभ्या असलेल्या घोड्याचा खर्च रोज वाढतोय.

माझाच घोडा आहे. रात्री जाऊन घेऊन आलो तर?

करू नका. रागाच्या भरात फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते. चोरीच्या कलमाखाली दिलेल्या उदाहरणांत सराफाकडे दुरुस्तीला दिलेल्या घड्याळाची दोन उदाहरणं आहेत. देणं काही नसताना मालकाने उघडपणे घड्याळ हिसकावून नेलं तर ती चोरी नाही, पण घुसखोरी आणि हल्ल्याचा गुन्हा होऊ शकतो. आणि दुरुस्तीच्या पैशासाठी सराफाने ते हक्काने अडवलेलं असताना मालकाने काढून नेलं, तर स्वतःच्याच घड्याळाची चोरी होते! घोड्यालाही तोच न्याय. शिवाय अंधारात, अनोळखी माणसांनी, घाईत टेम्पोत चढवताना घोड्याचा पाय मोडतो. मोडलेल्या पायाला कोर्टाकडे उपाय नाही.

त्यांनी घोडा तिसऱ्यालाच विकला. घेणारा म्हणतो, मी पैसे मोजलेत.

ज्याच्याकडे मालकी नाही तो मालकी देऊ शकत नाही. माल विक्री अधिनियमाच्या कलम २७ चा हा पाया आहे. घेणाऱ्याने प्रामाणिकपणे पैसे दिले असले तरी घोडा तुमचाच. त्याने आपले पैसे विकणाऱ्याकडून वसूल करावेत. पण अपवाद जपा: तुमच्याच वागण्यामुळे विकणारा मालक भासला असेल, तर तुम्हाला बोलता येत नाही. मूळ पावती, पासपोर्ट सगळं त्याच्या हवाली केलंत, तो ‘माझा घोडा’ म्हणून जाहिरात करत असताना ग्रुपवर तुम्ही ‘लाइक’चा अंगठा टाकलात, तर घेणाऱ्याचा वकील तेच पुढे करेल. विक्रीची कुणकुण लागताच घेणाऱ्याला लेखी कळवा. मग त्याला नंतर ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणायची सोय राहत नाही.

घोडी त्यांच्याकडे असताना व्याली. शिंगरू कोणाचं?

वेगळं ठरलं नसेल तर तुमचं. करार अधिनियमाच्या कलम १६३ मध्ये सांभाळायला दिलेल्या गाईचं उदाहरण आहे: वासरू झालं तर गाय आणि वासरू दोन्ही परत करायचं. घोडी-शिंगराला तेच. वळूचे पैसे त्यांनी दिले, रात्री जागून वीण त्यांनी केली, तरी शिंगरावर मालकी येत नाही. तो खर्च मागण्याचा प्रश्न वेगळा.

‘वेगळं ठरलं नसेल तर’ हे शब्द मात्र मोठे आहेत. आपल्याकडे गाय-शेळी अर्धलीवर (होणारी वाढ अर्धी-अर्धी वाटून घ्यायच्या बोलीवर) द्यायची चाल आहे, आणि घोडीही कोणी ‘पहिलं शिंगरू तुझं, दुसरं माझं’ या बोलीवर देतं. ती बोली सिद्ध झाली तर तीच चालते. शिंगरू आईला पीत असेपर्यंत मात्र दोघांना तोडू नका, मालकीचा निकाल काहीही लागो.

मी फक्त पुतण्याला बसायला दिला होता. त्याने मित्राला बसवलं, घोडा पडला.

करार कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घोडेच होते असं वाटतं, इतकी उदाहरणं घोड्यांची आहेत. कलम १५४: स्वतः बसण्यासाठी घेतलेल्या घोड्यावर घरातल्याच दुसऱ्याला बसवलं, त्याने काळजीपूर्वक चालवला, तरी घोडा पडून जखमी झाला तर भरपाई घेणाऱ्याने द्यायची. कलम १५३: बसायला भाड्याने नेलेला घोडा गाडीला जुंपला तर मालक तिथल्या तिथे व्यवहार संपवू शकतो. म्हणजे रायडिंगसाठी नेलेली घोडी त्यांनी बग्गीला लावली, तर तुम्ही ती लगेच परत मागू शकता.

नाण्याची दुसरी बाजू कलम १५० मध्ये. घोड्याला खोड आहे, तो उधळतो, हे माहीत असून न सांगता दिलात आणि बसणारा पडला, तर जबाबदार तुम्ही. खोड लपवून घोडा देऊ नका, फुकट देत असलात तरी.

घोडा देणारे काका वारले. आता चुलतभाऊ मागतायत, आणि काकू म्हणतात ‘राहू दे’. मी कोणाचं ऐकू?

फुकट दिलेला निक्षेप दोघांपैकी एकाच्या मृत्यूने संपतो (कलम १६२). म्हणजे घोडा आता वारसांना परत करायचा आहे. मृत्युपत्र नसेल तर काकू आणि मुलं सगळेच वारस. सहमालकांपैकी एकाला परत दिलं तरी तुमची सुटका होते अशी सोय कलम १६५ मध्ये आहे, पण वारसांतच जुंपलेली असेल तर सगळ्यांच्या सहीचं पत्र मागा. नाहीच जमलं तर ‘खरा हक्कदार कोर्टानेच ठरवावा’ म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८८ खाली तुम्हीच दावा करू शकता. स्वतःचा काही हक्क सांगत नसाल तर हा सर्वांत स्वच्छ मार्ग.

एक सांगते, घोड्यासाठी वारसा प्रमाणपत्राच्या मागे पळू नका. ते येणी आणि शेअर-रोख्यांसाठी असतं.

पोलीस म्हणतात, ‘हे दिवाणी आहे, कोर्टात जा.’

कधी ते बरोबर असतं. ठरलं काय होतं यावरच प्रामाणिक मतभेद असेल तर तो दिवाणीच. पण विश्वासाने दिलेला घोडा लबाडीने विकला, लपवला, नाव बदललं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघाताचा गुन्हा होतो, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. अशा गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात. तक्रारीत मालकीचं पुराण न लावता तीनच गोष्टी लिहा: कधी कशासाठी दिला, कधी परत मागितला, आणि त्यांनी घोड्याचं काय केलं. दखल घेतली नाही तर वरिष्ठांना लेखी, आणि मग दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.

घोडा जप्त झाला तर त्याच दिवशी ताब्यासाठी अर्ज करा. जप्त मुद्देमाल ठाण्यात सडत ठेवू नये हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलं आहे. जिवंत जनावराला ते शंभर पटीने लागू पडतं.

कोर्टात जायचं तर काय मागायचं, आणि किती दिवसांत?

आधी लेखी मागणी. स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, घोड्याचं वर्णन आणि परतीची तारीख घालून. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा येऊन परत आलं तर फोडू नका, तसंच जपून ठेवा. पत्ता बरोबर असेल तर ती नोटीस मिळाली असं धरलं जातं.

मुदत साधारणपणे तीन वर्षं. ती कधीपासून मोजायची हे प्रकरणावर ठरतं: सांभाळायला दिलेली वस्तू मागितल्यावर नकार मिळाला त्या दिवसापासून, लबाडीने बळकावली असेल तर ती कोणाकडे आहे हे कळल्यापासून. मुदत उलटली तर नुसता दावा बुडत नाही, मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम २७ मुळे मालमत्तेवरचा हक्कच संपतो. ‘बघू, नातेवाईक आहेत’ म्हणत बसू नका.

दाव्यात विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ७ आणि ८ खाली तोच घोडा परत मागा, आणि तो न मिळाल्यास किंमतही मागा. सोबत पहिल्याच दिवशी तात्पुरत्या मनाईचा अर्ज: निकाल लागेपर्यंत विकू नये, इंदूरबाहेर नेऊ नये, घोडीला वळू दाखवू नये. कोर्टाकडून पाहणीसाठी कमिशनर मागता येतो, सोबत पशुवैद्य असावा.

दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत लोकअदालतीतही जाता येतं. तिथला तडजोडीचा निवाडा कोर्टाच्या डिक्रीसारखाच (हुकूमनाम्यासारखाच) अंमलात येतो आणि त्यावर अपील नाही. एकाच समाजातली, रोज एकमेकांना भेटणारी माणसं असतील तर मी हाच रस्ता आधी सुचवते.

वाद चालू आहे आणि घोडा तिकडे खंगतोय. काय करू?

यात मला तडजोड मान्य नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० चं कलम ३ मालक कोण ते विचारत नाही. जनावर ज्याच्या ताब्यात, त्याने त्याची काळजी घ्यायची. पुरेसं अन्न, पाणी, आडोसा न देणं हा कलम ११ खाली गुन्हा आहे. बरगड्या मोजता येतायत, पाठीचा कणा वर आलाय, खूर वाढून पुढे वळलेत (सहा-आठ आठवड्यांत ते छाटायला लागतात), डोळ्यांतून पाणी: या खुणांची तारीखवार नोंद करा, नोंदणीकृत पशुवैद्याचा दाखला घ्या, पोलिसांना आणि कोर्टाला द्या.

आणि तुम्ही ताबा असणारी बाजू असाल तर, निकाल तुमच्या विरुद्ध जाणार असं दिसत असतानाही, तोबरा (दाण्याची पिशवी) रोज भरा. ‘ज्याचा घोडा त्याने बघावं’ हे उत्तर घोड्याला कळत नाही.

पुढच्या वेळी काय लिहून घ्यावं?

लांबलचक करारनामा नको. एका पानावर, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, फोटो जोडलेले. मी सुचवते तो मजकूर असा:

‘खालील वर्णनाची घोडी माझ्या मालकीची असून ती मी आपणास दिनांक … पासून … पर्यंत केवळ … या वापरासाठी, विनामोबदला दिली आहे. मालकी माझ्याकडेच आहे. रोजचा खर्च आपला. शस्त्रक्रिया व मोठ्या उपचाराचा खर्च माझा, मात्र जीव वाचवण्यासाठी तातडीचा निर्णय आपण घ्यावा. माझ्या लेखी परवानगीवाचून घोडी विकणे, गहाण ठेवणे, दुसऱ्यास देणे किंवा वळू दाखवणे नाही. शिंगरू झाल्यास ते … चे. मागणी केल्यावर … दिवसांत परत द्यावी.’

घोडीच्या खोडीही त्यातच लिहा. नोटरी केलीत तर सही कोणाची हा वाद मिटतो, मजकूर खरा आहे हे नोटरी सांगत नाही. सासर-माहेरच्या माणसांकडून सही मागायचा संकोच होत असेल तर निदान व्हॉट्सअॅपवर हाच मजकूर पाठवा आणि ‘ठीक आहे’ असं उत्तर घ्या. मूळ पावती आणि पासपोर्ट स्वतःकडे ठेवा, प्रत द्या.

घोडा परत मिळाला. आता काही करायचं राहिलं का?

हो. मिळाल्याची पावती लिहून द्या आणि ‘दोन्ही बाजूंचं काही देणं-घेणं नाही’ किंवा ‘अमुक रक्कम बाकी’ हे त्यातच लिहा. त्याच आठवड्यात पशुवैद्याकडून तपासणी करून घ्या, दात आणि खुरांसकट. काही दिवस इतर घोड्यांपासून वेगळा बांधा आणि ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची तपासणी कधी झाली आहे ते विचारा. नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातात. रोग निघाला तर घोडा मारावा लागतो, आणि तो कोणाच्या तबेल्यात लागला हा नवा वाद उभा राहतो. पासपोर्ट आणि विम्यावरची नावं दुरुस्त करा, नाल बदला, आणि दोन-तीन आठवडे खुराक हळूहळू वाढवा. परक्या तबेल्यातून आलेल्या घोड्याचं पोट एकदम बदललेल्या चंदीने बिघडतं.